गिरणी गेली आणि संस्कृति आली?

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील मुलेंमुली उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस जाऊं लागल्यापासून तेथील लहान गिरणीशहरांचें एक ठराविक वर्णन आमच्या कानांवर वारंवार पडूं लागलें आहे. जुनी लाल विटांची गिरणी, तींत चित्रकारांच्या खोल्या, खालीं कॉफीचें दुकान, रस्त्यावर विद्यार्थ्यांची वर्दळ, आणि एके काळीं घामानें माखलेल्या गांवांत कलेनें केलेला प्रवेश! वर्णन मनोहर आहे, आणि त्यांतील बाह्य तपशील खराहि आहे. आमचा वाद आहे तो शेवटच्या कलमाशीं. गिरणी गेली आणि मग संस्कृति आली, असा जो क्रम त्यांत गृहीत धरलेला असतो तो साफ खोटा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील लोवेल हें शहर अशा शहरांचा मुकुटमणि समजलें जातें. त्याच्याच इतिहासानें तो खोटा ठरतो.

मेरिमॅक नदीच्या धबधब्याचा सुमारें ३२ फुटांचा उतार पाहून बोस्टनच्या भांडवलवाल्यांनीं हें शहर वसविलें. १८२३ सालीं तेथें पहिलें कापड निघालें. मागांपुढें उभ्या राहिल्या त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. दिवसाचें काम बारा-तेरा तासांचें, आणि रात्रीं कंपनीच्या वसतिगृहांत एकेका खोलींत कित्येक जणींची दाटी. ह्या मुलींनीं काय करावें? वसतिगृहांत वर्गणीचे पियानो आले, त्या वाचनालयांच्या वर्गणीदार झाल्या, आणि १८४० सालीं 'लोवेल ऑफरिंग' हें मासिक त्यांच्या लेखनानें निघालें. पुढें त्याचें संपादनहि हॅरिएट फार्ली व हॅरियट कर्टिस ह्या गिरणींत राबलेल्या स्त्रियांकडेच आलें. १८४२ सालीं चार्ल्स डिकन्स हें शहर पाहून गेला, तेव्हां इंग्लंडांतील वाचकांस नवल वाटेल म्हणून त्यानें ज्या तीन गोष्टी मुद्दाम नोंदविल्या, त्या ह्याच. लूसी लार्कम ही कवयित्री तर अगदी लहानपणींच ह्या गिरण्यांत कामास लागली होती. चित्रकारांची वाट पाहत हें गांव अडाणी बसलें होतें असें कोणीं सांगितलें?

तथापि मासिकाचा गौरव करून थांबणें म्हणजे मालकांच्या पंक्तीस बसणें होय. साराह बॅग्ली ह्या कामगार स्त्रीनें १८४५ सालीं उघड आरोप केला कीं, त्यांत मजुरांच्या तक्रारींस जागा नाहीं. दहा तासांचा दिवस मागणाऱ्या अर्जांवर त्या वर्षीं दोन हजारांवर सह्या झाल्या. विधिमंडळाच्या समितीपुढें स्त्रियांनीं साक्षी दिल्या, आणि समितीनें हात झटकले. स्त्रियांपुरता तो कायदा होण्यास १८७४ साल उजाडलें! शरीर थकतें ह्याबरोबरच मनाच्या जोपासनेस वेळ उरत नाहीं, हेंहि त्यांचें गाऱ्हाणें होतें. कलेस जागा दिली म्हणून आज जेथें टाळ्या पडतात, तेथें कलेनें वेळ मागितला होता आणि तो तिला नाकारण्यांत आला होता. आणि कापूस? तो दक्षिणेंतील गुलामांनीं वेचलेला. त्याचेंच जाडेंभरडें कापड पुन्हां गुलामांच्या अंगावर घालण्यासाठीं विकलें जाई. १८६१ ते १८६५ च्या यादवींत हा कापूस अडला, तेव्हां मुंबईचे व्यापारी कसे गबर झाले हें वाचकांस ठाऊक आहेच.

शहर सावरलें तेंहि चित्रकारांमुळें नव्हे. बूट गिरणी १९५० नंतरच्या दशकांत बंद पडली. मेरिमॅक कंपनीच्या इमारती पुढच्या दशकांत जमीनदोस्त झाल्या. उरलेलें वांचलें तें पॅट्रिक मोगन ह्या शिक्षणतज्ज्ञाच्या चिकाटीनें आणि सरकारी पैशानें. १९७८ च्या कायद्यानें तेथें राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालें. विद्यापीठाचें एक मूळ १८९५ च्या वस्त्रोद्योगशाळेंत आहे, म्हणजे तेंहि गिरणीचेंच अपत्य. कंबोडियांतील कत्तलींतून वांचलेलीं हजारों कुटुंबें तेथें येऊन राहिलीं, त्यांचें नांव तर वर्णनांत क्वचितच येतें. वेस्टर्न ॲव्हेन्यूवरील जुन्या गिरणींत आतां शेकडो कलावंत काम करितात हें आम्हांस आवडतेंच. पण ते मागाहून आले.

हा खोटा क्रम निरुपद्रवी असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगांवांत मॉल व मनोरे उठले, तेव्हांहि 'परिसर सुधारला' हेंच आपल्या दिवाणखान्यांत बोललें गेलें. जणूं नारायण सुर्वे ह्यांच्यासारखा कवि गिरणीकामगारांतून आलाच नव्हता! ज्यांची संस्कृति आपण नाहींशी मानतों, त्यांचा जागेवरील हक्कहि नाहींसा मानणें सोपें जातें.

बूट गिरणींतील संग्रहालयांत साळखातें पुन्हां उभें केलें आहे. तेथें ८८ माग आहेत. त्यांतील कांहीं चालूं होतांच इतका गदारोळ उठतो कीं पाहुण्यांस कानांत घालावयास बोळे देतात. ह्या शहरांविषयीं पत्र लिहूं इच्छिणाऱ्या मुलांनीं कॉफीच्या दुकानापूर्वीं तेथें जावें, आणि पांच मिनिटें तरी ते बोळे काढून उभें राहावें.