व्हॅनिलाचा सुवास आणि पाण्याचा प्रश्न

शीतपेयांच्या बाजारात नावीन्याचे आयुष्य किती अल्प असते, याचा 'व्हॅनिला कोक' हा बोलका दाखला आहे. अमेरिकेत २००२ मध्ये आलेले हे पेय कोका-कोलाने २००४ मध्ये भारतात उतरविले. विवेक ओबेरॉय याच्या जाहिरातीतील 'वकाव' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. पेय मात्र बाजारात टिकले नाही.

या अपयशाचे खापर केवळ चवीवर फोडून चालणार नाही. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १२ शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले व त्याचे मूळ भूजलात असल्याकडे बोट दाखविले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये या निष्कर्षांना दुजोरा दिला. पाठोपाठ व्हॅनिला आले. ग्राहक शुद्धतेविषयी विचारत असताना त्याच्यापुढे नवा सुवास ठेवण्यात आला.

अमेरिकेत २००५ अखेर बंद झालेले हे पेय २००७ मध्ये परतले. चवीचे पुनरागमन सोपे असते, विश्वासाचे नव्हे. जायकवाडीच्या पाण्यावर तहान भागविणाऱ्या छत्रपती संभाजीनगरला हे वेगळे सांगायला नको. शीतपेय म्हणजे मुख्यतः पाणीच, आणि जवळच्या पैठणच्या औद्योगिक वसाहतीतही ते बाटलीबंद होते. चवी येतील आणि जातील. पाणी कोठले, किती आणि कितपत शुद्ध, या प्रश्नाचे उत्तर मात्र उद्योगाला द्यावेच लागेल.