कारागिराच्या मुलाने हात वर केला नाही

परवा आमच्या शाळेत उद्योजकतेवर व्याख्यान झाले. पाहुणे दीड तास मुलांना सांगत होते, चौकटीबाहेरचा विचार करा, कल्पना सुचली की भांडवल आपोआप येते. शेवटी विचारले, कोणाच्या घरी उद्योग आहे? माझ्या वर्गात तंबोरे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा आहे. त्याने हात वर केला नाही.

मला या कल्पनेच्या कौतुकाचा राग येतो. रिकाम्या डोक्यात नवे काही उगवत नाही. आमच्या मिरजेचेच पाहा. १८५०च्या सुमारास तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे सतार-तंबोरे घडवू लागले. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तंबोऱ्याचा जीव जवारीत असतो. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा की तार त्याला जेमतेम टेकावी आणि सूर गुंजत राहावा. केसभर जास्त घासले की आवाज मेला. पात्याचा उतार बोटाने ओळखणाऱ्यालाच हे साधले, असे मला वाटते. भोपळा मात्र नवा होता. पंढरपूरकडचा भोपळा पारखून आणणे, भिजवणे, आतून साफ करणे शिकावे लागले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे तयार कान मिरजेतच राहायला आले. असा गिऱ्हाईक चूक खपवून घेत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपण अभिमानाचे मेसेज फिरवले आणि घरी पोरांना बजावले, शिकला नाहीस तर अब्बांसारखा कानस घासत बसशील! म्हणजे अब्बा जे शिकले ती तालीम नव्हेच.

नुसत्या हुनरचे गोडवे गाऊन चूल पेटत नाही, हे मलाही कळते. हिशेब, इंटरनेटवरची विक्री, परदेशी गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलणे, हे सगळे मुलांना आलेच पाहिजे. पण ते हुनरच्या जोडीला हवे, हुनर पुसून नको. पुढच्या वर्षी पाहुणे म्हणून त्या मुलाच्या वडिलांना बोलवा, असे मी स्टाफरूममध्ये सुचवले. दोघे हसले.

त्या दिवशी मुलाचा प्रवेश अर्ज काढून पाहिला. ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात ‘मजुरी’ लिहिले आहे. अक्षर माझे आहे.