एका दिवसात चार गावं: स्वस्ताई कुणाची?

फ्लॉरेन्सहून सुटणारी 'एका दिवसात सिएना, सान जिमिन्यानो, पिसा आणि वर कियांतीची वाइन' ही बससहल स्वस्त नसते, फक्त स्वस्त वाटते. रील्समध्ये तिचं गणित ठरलेलं असतं: एकूण युरो भागिले गावं. चार ठिकाणं पदरात पडली की पैसा वसूल! पण आपण गावं विकत घेत नाही, वेळ विकत घेतो. भागाकार करायचाच असेल तर बसमधून उतरून स्वतःच्या पायांवर घालवलेल्या तासांनी करा. मग बघा आकडा कुठे जातो ते.

फ्लॉरेन्स ते सिएना साधारण ७० किलोमीटर. तिथून सान जिमिन्यानो, मग पश्चिमेला पिसा, मग परत फ्लॉरेन्स. अडीचशे किलोमीटरच्या वर धाव. बारा तासांच्या दिवसातले चार-पाच तास बसच्या खिडकीत जातात. उरलेल्यात जेवण, वाइनचे दोन घोट, टॉयलेटची रांग आणि छत्री उंचावून पुढे पळणारा गाईड. त्यात दुपारी बरीच लहान चर्च तीन-चार तास बंद असतात, आणि बस नेमकी तेव्हाच दारात पोचवते.

पिसाचंच घ्या. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी आपल्याकडून हा मनोरा पाठ करून घेतलाय, त्यामुळे तो 'राहिला' असं म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. टूरच्या बस शहराच्या उत्तरेकडे थांबतात. लोक मनोऱ्यापर्यंत चालतात, हाताने तो ढकलल्यासारखा फोटो काढतात आणि परत फिरतात. आर्नो नदी त्यांना दिसतच नाही. रेल्वेने आलेला माणूस दक्षिणेकडे उतरतो. स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर कीथ हॅरिंगने १९८९ मध्ये एका चर्चच्या मागच्या भिंतीवर रंगवलेलं भलंमोठं चित्र आहे, 'तुत्तोमोन्दो'. पुढच्याच वर्षी हॅरिंग गेला. चित्र रस्त्यावर आहे, तिकीट नाही. पुढे नदीजवळ सान निकोलाचा घंटामनोरा लागतो, आणि तोही कललेला आहे! पिसाची जमीनच मऊ, त्यामुळे इथे एकच मनोरा वाकडा नाही. ही गोष्ट कळायला चालावं लागतं.

सिएनाची गत याहून वाईट. तिथल्या पालाझ्झो पुब्लिकोत आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रं काढली, तीही राज्य करणारे नऊ जण जिथे बसत त्याच दालनात. एका भिंतीवर नाचणारी, दुकान मांडणारी, घर बांधणारी माणसं. समोर जुलूम आणि उजाड शिवार. आपल्या पुढाऱ्यांच्या दालनात असं चित्र लावायची कल्पना करून पाहा. दहाच वर्षांत, १३४८ साली, प्लेगने हे शहर मोडलं. कॅथेड्रल वाढवायचं काम अर्धवट सुटलं, त्याची प्रचंड भिंत आजही उघडी उभी आहे. तासाभराच्या थांब्यात यातलं काय दिसणार? चौक, आइस्क्रीम, फोटो.

मग खरी स्वस्त सहल कोणती? 'रेज्योनाले', म्हणजे इटलीची साधी, हळू गाडी. तिचं भाडं अंतरावर ठरतं. तीन महिने आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या आधी, दर तोच. पाऊस आला, झोप लागली आणि त्याच दिवशी उशिराची गाडी घेतली तरी दंड नाही. (कागदी तिकीट मात्र चढण्याआधी मशीनमध्ये छापून घ्या, तिथे दंड होतो.) फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून एकाच मार्गावर प्रातो, पिस्तोइया आणि लुक्का लागतात. यातलं एक निवडा. पिस्तोइयात जुन्या इस्पितळाच्या दर्शनी भागावर सोळाव्या शतकातला रंगीत टेराकोटाचा पट्टा आहे: भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस. रस्त्यावर उभं राहून फुकट बघता येतो. लुक्काच्या तटबंदीवर चार किलोमीटरहून लांब फेरी आहे, तीही फुकट. सिएनाला जायचं तर साधी बस घ्या. ती वर गावाजवळ सोडते, रेल्वे स्टेशन खाली राहतं. कॉफी काउंटरवर उभ्यानेच प्या, बसलात की दर वाढतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. "व्हिसाचे ९० युरो, विमानाचं तिकीट, महिनोन्‌महिने साठवलेले पैसे. पुन्हा कधी येणार? मग जमेल तेवढं बघून घेऊ." कर्ज काढून शिकायला गेलेल्या मुलाला किंवा पहिल्या पगारावर निघालेल्या मुलीला यावरून हसणारे लोक मला आवडत नाहीत. 'निवांत प्रवास' करा असं सांगणाऱ्यांकडे बहुतेकदा महिन्याची सुट्टी असते. एका दिवसात परत येण्यात कमीपणा काहीच नाही. खोली फ्लॉरेन्सात, डबा पाठीवर आणि संध्याकाळी परत, हा गरिबाचा हक्काचा प्रवास आहे.

पण पुन्हा येणं नाही, म्हणूनच तर हा दिवस चौघांत वाटून टाकू नका. ज्याच्याकडे पैसा आहे तो सिएनाला परत जाईल. तुमच्याकडे तिथला एकच दिवस आहे, आणि त्यातला जवळजवळ अर्धा तुम्ही बसच्या सीटला देताय. या घाईत फायदा बसवाल्याचा आणि ठरलेल्या हॉटेलवाल्याचा होतो. गावाला मिळते गर्दी, तुम्हाला मिळते यादी.

घरी आल्यावर लोक विचारतील, "काय काय पाहिलं?" चार नावं सांगितली की प्रश्न तिथेच संपतो. एकच नाव सांगा. मग पुढचा प्रश्न येईल, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर असेल.