दाभोळचं बिल

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने धोपाव्याला निघालात की पलीकडे एन्रॉन दिसतं. कंपनी २००१च्या डिसेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, प्रकल्पाचं सरकारी नाव 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' झालं, पण इथल्या माणसाच्या तोंडी अजून 'एन्रॉन'च आहे. आणि ज्याला जग 'दाभोळ प्रकल्प' म्हणतं तो दाभोळात नाहीच. दाभोळ खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या जमिनीवर. नावच चुकीच्या काठावर पडलं, तिथे करार कोणी वाचला असेल?

हल्ली कुठलाही मोठा पूल, बंदर, महामार्ग जाहीर झाला की 'पीपीपी', म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी, हा मंत्र म्हटला जातो. सरकारकडे पैसा नाही, खासगी कंपनी पैसा आणील, कौशल्य आणील आणि जोखीम घेईल. पहिल्या दोन गोष्टींवर हवं तेवढं बोला. माझा आक्षेप तिसरीवर आहे, आणि त्यासाठी मला गुहागरच्या बाहेर जावं लागत नाही.

१९९२ साली सामंजस्य करार, १९९३च्या डिसेंबरात वीजखरेदी करार. निविदा नाही. जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज द्यायला नकार दिला होता: प्रकल्प फार मोठा, आयात वायूची वीज महाग. पुण्याच्या 'प्रयास'ने आकडेमोड करून तेच सांगितलं. कराराचा गाभा साधा होता. वीज मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचा आकार भरायचा. हिशोब डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की बिल वाढणार. इंधन महागलं तर तेही मंडळाच्या माथी. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने हात वर केले तर केंद्राची प्रतिहमी.

आता सांगा, कंपनीकडे कोणती जोखीम उरली? एकच: सरकारच पैसे देऊ शकलं नाही तर! नेमकं तेच घडलं. मे १९९९मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१च्या आरंभी मंडळाने बिलं थांबवली, आणि मेअखेर प्रकल्प बंद पडला. देशी बँकांचे हजारो कोटी त्यात अडकले. २००५मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून तो सोडवावा लागला. नफ्याच्या वेळी खासगी, निस्तरण्याच्या वेळी सार्वजनिक.

यात कुठल्या एका पक्षाला झोडपून मोकळं होता येत नाही. काँग्रेसच्या सरकारने सही केली. समुद्रात बुडवण्याची भाषा करत युतीने सत्ता मिळवली, ऑगस्ट १९९५मध्ये प्रकल्प रद्द केला आणि जानेवारी १९९६मध्ये तोच आणखी मोठा करून परत आणला. केंद्राच्या प्रतिहमीवर वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारनेही शिक्का मारला. तेरा दिवसांत एवढी तत्परता कोकणातल्या एखाद्या रस्त्यासाठी दाखवली असती तर!

आणि गावं? जून १९९७मध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले आणि बायकांना मारहाण करत ओढून नेलं. अ‍ॅम्नेस्टीने त्याच वर्षी अहवाल दिला. बंदोबस्ताच्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचने १९९९मध्ये नोंदवलं. हीही भागीदारीच म्हणायची.

'मग सगळं सरकारनेच बांधावं का?' असं कोणी विचारेल. त्याच दशकात, याच जिल्ह्यातून कोकण रेल्वे गेली. १९९०मध्ये महामंडळ स्थापन झालं; केंद्र आणि चार राज्यांचं भागभांडवल, बाकी पैसा लोकांना रोखे विकून. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खोदून १९९८च्या जानेवारीत पूर्ण मार्ग खुला झाला. तीही निर्दोष नव्हती. कर्जाचा बोजा जड झाला आणि केंद्राला हात द्यावा लागला. पण जोखीम लोकांची होती तशी रेल्वेही लोकांचीच राहिली. गणपतीला तिच्यातून लोंबकळत का होईना, घरी पोचता येतं.

आता मुंबई-गोवा महामार्ग. आरवली ते वाकेडचे टप्पे 'हायब्रिड अ‍ॅन्युइटी' नावाच्या पद्धतीने दिले गेले: चाळीस टक्के खर्च सरकार बांधकामादरम्यान देणार, उरलेला ठेकेदार उभा करणार आणि सरकार तो हप्त्यांनी फेडणार. गाड्या कमी धावल्या तर तोटा सरकारचा. दाभोळपेक्षा ही पद्धत प्रामाणिक आहे, हे मी मान्य करतो. तरी काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि उशिराचा भुर्दंड संगमेश्वरातल्या दुकानदाराने, रिक्षावाल्याने, बाळंतिणीला घेऊन निघालेल्या गाडीने भरला. त्यांचं नाव कुठल्याच करारात नव्हतं.

माझी मागणी छोटी आहे. सहीच्या आधी प्रत्येक करार मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, आणि त्यात एक पान असं हवं: रुपया घसरला तर कोण भरणार, मागणी आली नाही तर कोण, काम अर्धवट टाकून कंपनी पळाली तर कोण. व्यापारी गुपित म्हणून हे पान झाकायची मुभा कोणालाही नको. वेलदूरच्या मासेविक्रेतीला घाऊक व्यापाऱ्याशी हिशोब करताना हे तिन्ही प्रश्न सुचतात. मंत्रालयात ते कसे सुचले नाहीत, याचं उत्तर एकाही सरकारने दिलेलं नाही.