नदीकाठचे गवत : मित्र की शत्रू?

राजगुरुनगरच्या भीमाकाठी पावसाळ्यापूर्वी काही जण काठ अगदी पाटीसारखा साफ करतात. पाणी झटकन निघून जाईल, रान वाचेल, असा हिशेब. पण याच हिशेबात काठची माती जाते.

पाण्याचा वेग जितका जास्त, तितकी माती वाहून नेण्याची ताकद जास्त. काठावर लव्हाळा, वाळा, निर्गुडी दाट असली की पाणी त्यांत शिरून मंदावते. मंदावले की गाळ तेथेच बसतो आणि मुळ्या तो धरून ठेवतात. लव्हाळा पुरात आडवा होतो, पण आडवा होऊन मातीचे पांघरूण बनतो.

हेच पात्राच्या मध्यावर माजले, की गोष्ट उलटी. पाणकणसाच्या बेटात गाळ साचतो, पात्र अरुंद होते. मग पाणी बगलेने जोरात वळते आणि काठ खाते. बेट नदीत, नुकसान तुमच्या रानात!

जलपर्णीची तऱ्हा निराळी. पवना-इंद्रायणीत ती सांडपाण्यावर पोसते. ती तरंगते, काठ धरत नाही. पुरात वाहून पुलाशी, मोऱ्यांत तुंबते.

तेव्हा काठाचा हिरवा पट्टा राखा. मधली बेटे व जलपर्णी मात्र ग्रामपंचायतीला सांगून, गावाने मिळून मेअखेर काढा. काढलेली जलपर्णी काठावर टाकू नका, पहिल्या पुरात ती परत नदीत जाईल. दूर खड्ड्यात कुजवा. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या नदीतली असेल, तर ते खत भाजीपाल्याला घालू नका.

काठ राखला, तर रान राहील.