फाटक आणि राखणदार

आमच्या इंदापूर तालुक्यास दोन नद्यांचा शेजार लाभला आहे. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि नरसिंगपुरास दोघींचा संगम. आमचे कळंब नीरेच्या अंगास. त्यामुळे पोहणे आम्ही नीरेतच शिकलो आणि शिक्षकीच्या दिवसांत मुलांस पाण्याची भीती व पाण्याचा मान, दोन्ही नीरेच्याच काठी शिकविले. भीमेचे पाणी मात्र आमच्या तरुणपणी, १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यावर, आजच्या विस्तीर्ण रूपास आले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल असा हा यशवंतसागर. त्यापायी गावे उठली, काळ्या मातीची शेते बुडाली आणि पळसदेवाचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते अजूनही वर डोकावते. आज लिहावयाचे आहे ते या पाण्याविषयी. परंतु विषयास तोंड फुटले ते साता समुद्रांपलीकडे, म्हणून प्रथम तेथील हकीकत सांगणे भाग आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव बरीच वर्षे अमेरिकेत आहेत. नीरेत पोहून वाढलेला हा मुलगा तिकडे जाऊन विंडसर्फिंगच्या नादी लागला. ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, एक लांबट फळी पाण्यावर तरंगते, तिच्यावर कोणत्याही बाजूस कलेल अशी डोलकाठी व शीड असते. खेळाडू फळीवर उभा राहून शीड हातांनी पेलतो. नावेस असते तसे सुकाणू येथे नाही. शीड पुढे किंवा मागे कलवूनच दिशा धरावयाची. १९८४ पासून ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान आहे, आणि २०२३ साली हांगझौ येथे झालेल्या आशियाई सामन्यांत आपल्या ईबाद अली याने यात कांस्यपदक मिळविले. तेव्हा हा केवळ रिकामटेकड्यांचा चाळा आहे, असे कोणी समजू नये.

२०१३ च्या ऑक्टोबरात एके दिवशी पुतण्याचा दूरध्वनी आला. स्वर त्रासलेला. "काका, सुटी आहे, वारा आहे, सरोवर तुडुंब भरले आहे, आणि फाटकाला साखळी! सरकार बंद आहे म्हणे!"

शाळा बंद असते, दुकान बंद असते. सरकार बंद असते हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. चौकशी करता उलगडा झाला तो असा. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरास सुरू होते. तोवर तेथील काँग्रेसने खर्चास मंजुरी दिली नाही, तर खात्यांस खर्च करण्याचा अधिकारच उरत नाही. हा निर्बंध एकोणिसाव्या शतकापासूनचा. परंतु १९८० मध्ये महान्यायवादी सिव्हिलेटी यांनी त्याचा काटेकोर अर्थ लावला. तेव्हापासून जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणास लागतील तेवढी कामे ठेवून बाकीच्या कचेऱ्यांस कुलूप लागते. आपल्याकडे हा प्रसंग येत नाही. अंदाजपत्रक पुरे संमत होण्यास अवकाश असला, तर घटनेच्या ११६ व्या अनुच्छेदाप्रमाणे लेखानुदान घेऊन कारभार चालू राहतो, आणि लोकसभेने खर्चच नाकारला तर मंत्रिमंडळ जाते, कचेरी राहते.

तिकडील पुष्कळ सरोवरे सैन्याच्या अभियंत्यांनी बांधलेल्या धरणांची आहेत, तर काही राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहेत. २०१३ च्या त्या सोळा दिवसांत अनेक ठिकाणच्या छावणीच्या जागा आणि नावा पाण्यात सोडण्याचे उतार बंद झाले. हूवर धरणामागील लेक मीड या प्रचंड जलाशयाचे क्षेत्रही बंद झाले. सरकारी जमिनीवर ज्यांची स्वतःची घरे होती, त्यांनाही बाहेर पडण्यास सांगण्यात आले. आमच्या पुतण्याने त्या वेळी विचारलेला प्रश्न आमच्या ध्यानात राहिला. तो म्हणाला, "काका, पाऊस काय सरकारने पाडला? पाण्याला कुलूप कसले?" आम्ही मास्तरी स्वभावास अनुसरून एवढेच म्हणालो, "कुंपणावरून उडी मारू नकोस." प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हांस देता आले नव्हते.

पुढे हे प्रकार पुन्हा घडले. २०१८–१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरापासून १२ नोव्हेंबरापर्यंत ४३ दिवस. या दोन्ही खेपांस धोरण निराळे होते. लोकांचा संताप नको, म्हणून पुष्कळ उद्यानांची फाटके उघडीच ठेवली गेली. माणसे मात्र घरी बसविलेली. त्याचा परिणाम २०१९ च्या आरंभीच दिसला होता. जोशुआ ट्री नामक उद्यानात कचऱ्याचे ढीग साचले आणि ज्या झाडांवरून उद्यानास नाव पडले, त्या झाडांचीही नासधूस झाली.

२०२५ च्या दिवाळीत पुतण्याशी बोलणे झाले, तेव्हा तो जरा गप्प गप्प वाटला. कारण त्याने सांगितले ते या संक्रांतीस सहकुटुंब घरी आल्यावर, तेही त्याच्या आईसमोर नव्हे. त्या वेळी त्याच्या सरोवराचे फाटक उघडे होते. साखळी नाही, पहारेकरी नाही. हा आनंदाने फळी घेऊन आत गेला. मध्यावर वारा वाढला, डोलकाठीचा सांधा तुटला आणि शीड पाण्यात पडले. एरवी तेथे फिरणारी गस्तीची नाव त्या दिवसांत दिसत नव्हती. थंड पाण्यात फळी धरून तो घटकाभराहून अधिक काळ तरंगत होता. शेवटी मासे धरावयास आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्यास काठास आणले. "काका," तो म्हणाला, "२०१३ साली मी त्या साखळीवर चिडलो होतो. या वेळी साखळी असती तर बरे झाले असते."

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही सर्वजण उजनीच्या काठी गेलो. थंडीत तेथे रोहित पक्षी येतात, आणि पुतण्याच्या दहा वर्षांच्या कन्येस ते पाहावयाचे होते. गावाचे नाव येथे देत नाही. कारण जे दिसले ते एका गावापुरते नव्हे. पाणी क्षितिजापर्यंत पसरलेले. पुतण्याचे हात शिवशिवू लागले. "येथे फळी आणायची तर परवानगी कोणाकडे मागायची?" त्याने विचारले. आम्ही इकडेतिकडे पाहिले. फाटक नव्हते, फलक नव्हता, कचेरी नव्हती, माणूस नव्हता. जवळच जाळे सोडवीत बसलेल्या नावाड्यास आम्ही विचारले. तो आमच्या ओळखीचा निघाला.

"परवानगी कशाची, गुरुजी?" तो हसून म्हणाला. "पर ह्यांचं इपरीतच. वारं सुटलं की आम्ही काठ गाठतो, आन् हे म्हणत्यात वारं सुटल्यावर आत जायचं!"

त्या हसण्यामागे काय आहे, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावाहून आमच्या तालुक्यातील कळाशीकडे येणारी नाव अशाच सुटलेल्या वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठास लागला. सहा बुडाले, आणि त्यांत दोन लहान मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांस मृतदेह हाती लागले ते २३ तारखेस. ही माणसे खेळावयास निघाली नव्हती. समोर दिसणाऱ्या गावास सडकेने जावयाचे तर मोठा वळसा, म्हणून ती रोजच्या वाटेने नावेत बसली होती.

त्या दिवशी आमच्या मनात आले की, अमेरिकेत ४३ दिवस जी स्थिती होती, ती आपल्या पाण्यावर बारमाही आहे. तेथे सरकार बंद झाले म्हणून राखणदार गेला. येथे तो आलाच नव्हता. आपण तिकडील लोकांस हसतो. परंतु राखणदार नाहीसा झाल्याचे त्यांच्या निदान ध्यानात तरी येते.

पुतण्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही आम्हांस तेथेच सुचले. पाणी सरकारने निर्माण केले नाही, हे खरेच. १९९६ च्या डिसेंबरात 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे धनी नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताने धन्यास घराबाहेर ठेवू नये, हे एक कर्तव्य. घरातील आड उघडा टाकू नये, हे दुसरे. पहिले चुकले तर माणूस चिडतो. दुसरे चुकले तर माणूस जातो.

हा विचार नवा किंवा परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्ष नामक अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. पुरेशी माणसे वा साधने नसलेली, अथवा डागडुजी न केलेली नाव बुडाली, तर झालेली हानी त्या नावध्यक्षाने भरून द्यावी, असे तेथे सांगितले आहे. नाव तपासून पाण्यात सोडणे हे राज्याचे काम, आणि हयगय झाल्यास दोष राज्याच्या माणसाचा. आज २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आहे. यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने यांची त्यात तरतूद आहे. कायदा पुस्तकात आहे. काठावर त्याचा माणूस हवा.

कोणी म्हणेल, मग बंदीच घाला. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत जलस्थळांवर प्रतिबंधाचे हुकूम निघाले. पावसाळ्यातील लोंढ्यापुढे ते योग्यच होते. परंतु जेथे पाण्यावर लोकांचे पोट आहे, तेथे कायमची साखळी चालणार नाही. मासेमारांनी जावे कोठे? पैलतीरच्या लेकी-सुनांनी यावे कसे? आणि आमच्या तालुक्यातील पोरांनी शीड धरण्यास शिकू नये काय? आम्हांस हवे आहे ते थोडके आहे. उतरण्याचा एक नेमका घाट, वाऱ्याची सूचना देणारा एक फलक, प्रत्येक बसणाऱ्यास एक जीवरक्षक जाकीट, आणि नाव सोडू की नको हे ठरविणारा व त्याबद्दल जबाबदार असणारा एक माणूस. ग्रामसभेत हा विषय कोणीही मांडू शकतो. आम्ही तो आमच्या परीने मांडणार आहोत.

तोवर काय करावे? त्याच दिवशी जे घडले, ते सांगून पुरे करतो. मुलगी नावेत बसण्यास उतावीळ झाली होती. पुतण्याने नावाड्यास विचारले, "जाकिटे किती?" तो म्हणाला, "दोन हायती." आम्ही पाच जण होतो. नावाड्याच्या मते वारा नव्हता, भीती नव्हती, सर्वांनी बसण्यास हरकत नव्हती. पुतण्या क्षणभर पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने एक जाकीट मुलीस घातले, पट्टे स्वतः ओढून पाहिले, दुसरे सूनबाईस दिले. "दोघीच जातील," तो म्हणाला. मुलगी रुसली, "बाबा, तुम्ही तर रोज जाता!" तो काही बोलला नाही.

नाव रोहितांच्या थव्याकडे गेली. आमची सौभाग्यवती हातातील तिळगुळाचा डबा न उघडता उभी होती. अर्ध्या तासाने नाव काठास लागेपर्यंत आम्हां तिघांपैकी कोणीही खाली बसले नाही.