निधी आणि निर्धार
रस्त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा, अशी शिफारस बॅ. मु. रा. जयकर यांच्या समितीने १९२८ साली केली. त्यातून केंद्रीय रस्ते निधी जन्मास आला. तेव्हा महामार्गासाठी मिळणारा पैसा ही सरकारची मेहेरबानी नव्हे. तथापि निधी मिळाला म्हणजे रस्ता झाला, असेही नव्हे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण दशक उलटले तरी रखडलेलेच राहिले. उलट, २०१६ साली महाडजवळ सावित्रीचा पूल कोसळल्यावर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला! एवढ्या तत्परतेसाठी माणसे वाहून जावी लागावीत काय? कोकणच्या लोकप्रतिनिधींनी निधीबरोबर मुदतीची हमी आणि खर्चाचा जाहीर हिशेबही मागितला पाहिजे.